ऑल ब्लॅक्स, हॉबिट आणि मधला आठवडा

शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५, ऑकलंड

प्लॅन साधा होता. न्यूझीलंड विरुद्ध साऊथ आफ्रिका, रग्बीची पहिली टेस्ट (रग्बीत टेस्ट म्हणजे दोन देशांमधली मॅच) शनिवारी ऑकलंडला, दुसरी पुढच्या शनिवारी वेलिंग्टनला, आणि मधल्या आठवड्यात गाडी घेऊन उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जायचं, वाटेत सिनेमातलं जे जे दिसेल ते बघायचं. गाडी दादा चालवणार, रस्ता मी बघणार. दादा क्रिकेटवाला आहे. त्याच्या मते रग्बी म्हणजे तीस धिप्पाड माणसांनी एका बॉलवर जाऊन पडायचं आणि शिट्टी वाजली की उठायचं. पण लॉर्ड ऑफ द रिंग्जचे तिन्ही पार्ट त्याने इतक्यांदा बघितलेत की डायलॉग आधी तो म्हणतो मग पडद्यावरचा माणूस, म्हणून तो यायला तयार झाला.

मी रग्बीत आले तीही सिनेमातूनच, हे आधीच सांगून टाकते. इन्विक्टस बघितला, तो २००९ चा क्लिंट ईस्टवूडचा, मॉर्गन फ्रीमन मंडेला झालेला, आणि तो संपल्यावर १९९५ ची खरी फायनल शोधून बघितली. एलिस पार्क, एक्स्ट्रा टाइम, साऊथ आफ्रिकेच्या जोएल स्ट्रान्स्कीचा ड्रॉप गोल, म्हणजे बॉलला टप्पा देऊन मारलेली किक, १५-१२. सिनेमातली मॅच खऱ्या मॅचपुढे फिकी वाटली, आणि खरा कॅप्टन फ्रान्स्वा पिनार तर मॅट डेमनपेक्षा चांगलाच उंच निघाला. तेव्हापासून जे लागलंय ते सुटलेलं नाही. त्या फायनलला हरलेली टीम होती ऑल ब्लॅक्स, म्हणजे न्यूझीलंड, आणि गंमत म्हणजे मी फॅन झाले ती हरलेल्यांचीच.

शनिवार, ६ सप्टेंबर, ईडन पार्क

सकाळपासून शहरात काळ्या आणि हिरव्या जर्सी. साऊथ आफ्रिकेतून येऊन इथे स्थायिक झालेले लोक खूप आहेत, त्यामुळे हिरवा रंग काही कमी नव्हता. मॅच संध्याकाळी सातची, आम्ही दुपारीच ग्राउंडजवळच्या किंग्सलँडमध्ये जाऊन बसलो. ईडन पार्क हे घरांच्या वस्तीत मधोमध आहे, म्हणजे लोकांच्या बागेच्या कुंपणापलीकडे एकदम स्टँड उभा दिसतो.

या ग्राउंडची भीती काय असते ते दादाला समजवायला मला अर्धा तास लागला. ऑल ब्लॅक्स इथे शेवटचे हरले १९९४ साली, फ्रान्सकडून, शेवटच्या मिनिटांत फ्रेंचांनी स्वतःच्या टोकापासून पास देत देत जाऊन ट्राय मारला होता, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल नेऊन टेकवला होता. त्यानंतर एकदाही नाही. आणि साऊथ आफ्रिका इथे शेवटची जिंकली १९३७ ला! दादा म्हणाला, "म्हणजे गाबा." मी म्हणलं गाबा तर तुम्ही २०२१ ला फोडलंत ना, हे अजून कोणी फोडलेलं नाही. तिथे त्याला पहिल्यांदा इंटरेस्ट आला.

आणि मग मी त्याला स्टीफन डोनाल्डची गोष्ट सांगितली, कारण ती याच ग्राउंडवरची. २०११ चा वर्ल्ड कप. मुख्य किक मारणारा डॅन कार्टर जखमी, त्याच्या जागचा कॉलिन स्लेड जखमी, आणि फायनलमध्ये तिसरा ॲरन क्रुडनही जखमी. चौथा नंबर डोनाल्ड, ज्याला आधी टीममध्ये घेतलंच नव्हतं, त्याला बोलावणं आलं तेव्हा हा बाबा नदीवर व्हाइटबेट नावाचे इवलेसे मासे पकडत होता. फायनलला आत आला ती जर्सी पण घट्ट, पोटावरून वर सरकतेय, आणि त्याने जी पेनल्टी मारली त्याच तीन पॉइंट्सवर न्यूझीलंड ८-७ ने जिंकलं. त्याच्यावर द किक नावाचा टीव्हीचा सिनेमाही आला २०१४ ला. एखाद्या पटकथावाल्याने हे स्वतःच्या डोक्यातून लिहिलं असतं तर प्रोड्युसरने फार फिल्मी आहे म्हणून परत केलं असतं.

हाका, म्हणजे मॅचआधी ऑल ब्लॅक्स करतात तो तिथल्या मूळच्या माओरी लोकांचा नाच, टीव्हीवर शेकडो वेळा बघितलेला असतो पण टीव्हीवर एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे आधीची शांतता. पन्नास हजारांचं ग्राउंड, कोणी खोकत पण नाही, मग एकच आवाज येतो लीड करणाऱ्याचा आणि त्यानंतर मांड्यांवर पडणाऱ्या हातांचा आवाज वरच्या स्टँडपर्यंत येतो. समोर साऊथ आफ्रिकेवाले खांद्याला खांदा लावून उभे. माझ्या पुढच्या रांगेतली सात-आठ वर्षांची मुलगी हाकाचा प्रत्येक शब्द तोंडातल्या तोंडात म्हणत होती.

मॅचचं काय सांगू, सुरुवातीलाच ऑल ब्लॅक्सच्या एमोनी नारावाने ट्राय मारला, लोक अजून सीटवर बसतच होते. मग विल जॉर्डन. मध्ये साऊथ आफ्रिकेने स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांत डोकी अडकवून रेटतात त्यात, असं काही ढकललं की आपण बसलोय ते बाकडं हलतंय की काय वाटावं. आर्डी सवियाची ती शंभरावी टेस्ट होती, आणि शेवटी साऊथ आफ्रिका बरोबरी करायला रेषेजवळ येऊन थडकत असताना वाकून, हात घालून, बॉलवर चिकटून पेनल्टी मिळवली ती त्यानेच. २४-१७. दादा उभा राहून ओरडत होता. कशासाठी पेनल्टी मिळाली ते त्याला शेवटपर्यंत कळलं नव्हतं, नंतर चालताना मी सांगितलं की पकडलेल्या माणसाने खाली पडल्यावर बॉल सोडायचा असतो, आणि दुसऱ्याने स्वतःच्या पायांवर उभं राहून तो ओढायचा असतो. तो म्हणाला, "मग हे आधी सांगायचं ना." मी अख्खी मॅच तेच सांगत होते.

रविवार, ७ सप्टेंबर

घसा बसलेला. ऑकलंडच्या स्कायसिटीत एकाच ठिकाणी ऑल ब्लॅक्स एक्स्पिरियन्स पण आहे आणि लॉर्ड ऑफ द रिंग्जची चिलखतं-राक्षस बनवणाऱ्या वेटा वर्कशॉपचं अनलीश्ड पण, दोन्ही २०२० च्या डिसेंबरात सुरू झालेली. म्हणजे माझ्यासारख्या माणसासाठी कोणीतरी मुद्दाम बांधल्यासारखं. पहिल्यात एका अंधाऱ्या खोलीत भिंतभर पडद्यावर टीम तुमच्यासमोर हाका करते, आणि नंतर स्वतः किक मारून बघता येते. माझी किक कुठे गेली ते विचारू नका. दुसऱ्यात राक्षस-बिक्षस बनतात कसे ते दाखवतात, छान आहे, पण आम्ही खऱ्या वर्कशॉपला वेलिंग्टनमध्ये जाणार होतो म्हणून फार रेंगाळलो नाही.

सोमवार, ८ सप्टेंबर, माटामाटा

आज दादाचा दिवस. हॉबिटन, म्हणजे सिनेमातल्या हॉबिट नावाच्या बुटक्या माणसांच्या गावाचा सेट. ऑकलंडहून साधारण दोन-सव्वादोन तास, हिरव्यागार टेकड्या, गाई, मेंढ्या, परत गाई. हे एका अलेक्झांडर कुटुंबाचं शेत, साडेबाराशे एकर. १९९८ मध्ये सिनेमाचा डायरेक्टर पीटर जॅक्सनची माणसं विमानातून जागा शोधत होती, त्यांना वरून हे दिसलं, तळं, तळ्याकाठी मोठं झाड, आणि आसपास एकही विजेचा खांब नाही. मग ते दार वाजवायला गेले. आता ऐका. घरचे मालक टीव्हीवर रग्बी बघत होते. हॉलिवूड दारात उभं आहे आणि ह्यांना मॅच सोडवेना! गाइडने हे सांगितल्यावर सगळे हसले, मी मात्र दादाकडे वळून "बघ" एवढंच म्हणलं.

१९९९ मध्ये बांधकाम सुरू झालं, रस्ता करायला न्यूझीलंडचं सैन्य आलं होतं. पहिला सेट तात्पुरताच, प्लायवूड आणि थर्माकोलचा, शूटिंग झालं की पाडायचा असाच करार. मग हॉबिटचे सिनेमे करायचे ठरले तेव्हा २००९ पासून पुन्हा सगळं पक्कं बांधलं, आणि आता आहेत ती चव्वेचाळीस बिळं, म्हणजे हॉबिटांची घरं, कायमची आहेत. दारं काही मोठी काही छोटी, कारण हॉबिट छोटा दिसायचा तर त्याला मोठ्या दारापुढे उभं करायचं आणि जादूगार गँडाल्फ मोठा दिसायचा तर त्याला छोट्या दारापुढे, बास, अर्ध्या ट्रिका एवढ्याच सोप्या.

मला सगळ्यात आवडलं ते बिल्बो या हॉबिटच्या घरावरचं ओकचं झाड. ते खोटं आहे. फांद्या खोट्या, पानं खोटी, जवळजवळ दोन लाख पानं तैवानहून आणून एकेक हाताने अडकवलेली, आणि मग हिरवा रंग नीट जमला नाही म्हणून पुन्हा रंगवलेली. खालून बघितलं तर कळत नाही. वारा आला की आसपासची खरी झाडं हलतात आणि हे जरा कमी हलतं, तेवढाच फरक. पडद्यावर हे झाड किती वेळ दिसतं? आणि त्यासाठी एवढं. मेंढ्यांचंही तसंच, शेतावरच्या मेंढ्यांचे चेहरे पांढरे, जॅक्सनला हव्या होत्या काळ्या तोंडाच्या, म्हणून बाहेरून आणवल्या.

हल्ली, म्हणजे २०२३ च्या डिसेंबरपासून, एका घराच्या आतही जाता येतं. छोटं न्हाणीघर, भांडी, पलंगावरची गोधडी. दादा आत जाऊन इतका वेळ बसला की मागच्या ग्रुपचा गाइड येऊन नम्रपणे उभा राहिला. शेवटी ग्रीन ड्रॅगन नावाच्या पबमध्ये बसायला मिळतं. चुलीत लाकडं जळत होती आणि कोपऱ्यात साऊथ आफ्रिकेची जर्सी घातलेलं एक जोडपं गप्प बसलेलं. मी त्यांना म्हणलं, वेलिंग्टनला येताय का? तो गृहस्थ म्हणाला, येतोय, आणि तिथे वेगळं होईल. मी मनात म्हणलं बघू.

मंगळवार, ९ सप्टेंबर

टे कुइटी. गाव छोटं, मेंढ्यांची लोकर कापण्यासाठी प्रसिद्ध, मी गेले कोलिन मीड्ससाठी. शेतकरी माणूस, ऑल ब्लॅक्सकडून १३३ मॅच, त्यातल्या ५५ टेस्ट. १९७० च्या साऊथ आफ्रिका दौऱ्यात हात मोडला आणि तसाच खेळत राहिला. २०१७ मध्ये गावात त्याचा पुतळा बसवला, तो स्वतः हजर होता, आणि दोन महिन्यांत गेला. पुतळा पुढे झेपावतोय, एका हातात बॉल, इतका मोठा तळवा की बॉल लिंबाएवढा वाटतो. समोरच्या दुकानातल्या बाईंनी विचारलं कुठून आलात, इंडिया म्हणल्यावर त्यांना वाटलं रस्ता चुकलो असू.

रात्री नॅशनल पार्क नावाच्या गावात मुक्काम. थंडी.

बुधवार, १० सप्टेंबर

सकाळी पडदा सरकवला आणि समोर डोंगर. न्गाउरुहोए, २,२९१ मीटर, बरोब्बर शंकूसारखा, सिनेमातला माउंट डूम म्हणून दाखवला तो. सप्टेंबरमध्ये तो बर्फाने पांढरा असतो, त्यामुळे दादाचा थोडा मूड गेला, त्याला काळा, आग ओकणारा हवा होता. हे डोंगर तिथल्या माओरींना, न्गाती तुफारेतोआ लोकांना, पवित्र आहेत, म्हणून शिखरावर शूटिंग नाही, मॉर्डोरचे, म्हणजे सिनेमातल्या खलनायकाच्या देशाचे, बरेचसे खडकाळ सीन शेजारच्या रुआपेहूच्या उतारांवर घेतले. १८८७ मध्ये याच लोकांच्या प्रमुखाने ही शिखरं देशाला दिली, त्यातूनच इथलं पहिलं नॅशनल पार्क झालं.

त्याच रस्त्यावर पुढे रोटोआइरा तळं लागतं आणि तिथे मी गाडी थांबवायला लावली. दादा म्हणाला इथे कुठला सीन? मी म्हणलं सिनेमातला नाही, हाकाचा. साधारण १८२० ची गोष्ट, ते राउपराहा नावाचा सरदार, मागे शत्रू लागलेत, इथल्या सरदाराने त्याला रताळी साठवायच्या खड्ड्यात लपवलं आणि खड्ड्याच्या तोंडावर आपली बायको बसवली. वर शोधाशोध चाललीय, खाली हा अंधारात पुटपुटतोय मेलो, मेलो, की वाचलो, वाचलो. शत्रू गेले, तो वर आला, ऊन डोळ्यांवर पडलं, आणि जे म्हणाला तो का माते हाका. शनिवारी ती मुलगी जे पुटपुटत होती त्या परंपरेची मुळं इथली, या तळ्याकाठची. दुसरा हाका, कापा ओ पांगो, हा अगदी नवा, २००५ मध्ये डनिडनला पहिल्यांदा केला, तेव्हाही समोर साऊथ आफ्रिकाच होती. दादा बराच वेळ तळ्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "याच्यावर सिनेमा निघायला पाहिजे." निघायलाच पाहिजे.

पुढे डेझर्ट रोड. उजाड, तपकिरी गवत, विजेचे मनोरे, एका बाजूला रुआपेहू. ही रांगीपोची जमीन सैन्याची. तिसऱ्या पार्टमधलं काळ्या दरवाजापुढचं युद्ध इथे शूट झालं, खरे सैनिकच एक्स्ट्रा म्हणून, आणि शूटिंगच्या आधी जमिनीतला न फुटलेला दारूगोळा शोधून काढावा लागला होता. रस्त्यावर तशा पाट्या आहेतच, त्यामुळे आम्ही फोटो डांबरावर उभं राहूनच काढले. संध्याकाळी पामरस्टन नॉर्थ.

गुरुवार, ११ सप्टेंबर

न्यूझीलंड रग्बी म्युझियम पामरस्टन नॉर्थमध्ये आहे हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं, तिथे आमच्याशिवाय एक आजोबा आणि शाळेतल्या पोरांचा ग्रुप एवढेच होते. जर्सी, कॅप, १९०५ च्या टीमच्या वस्तू. तीच ती टीम जिच्यापासून ऑल ब्लॅक्स हे नाव चिकटलं. १९८१ च्या दौऱ्याचा भागही आहे. तेव्हा साऊथ आफ्रिकेत वर्णभेद होता, त्यांना बोलावलं म्हणून अर्धा देश रस्त्यावर उतरला, हॅमिल्टनची मॅच लोक मैदानात घुसल्याने रद्द झाली आणि ईडन पार्कवर तर एका माणसाने छोट्या विमानातून पिठाच्या पिशव्या टाकल्या, एक न्यूझीलंडच्याच गॅरी नाइटला लागली आणि तो खाली बसला. मी ज्या ग्राउंडवर शनिवारी हिरव्या-काळ्या लोकांना एकमेकांबरोबर बिअर पिताना बघितलं तेच ते.

पण माझी वस्तू म्हणजे शिट्टी. गिल इव्हान्स नावाच्या वेल्श रेफरीची, १९०५ मध्ये इंग्लंड-न्यूझीलंड मॅचला वापरलेली. प्रत्येक वर्ल्ड कपची पहिली मॅच ह्याच शिट्टीने सुरू होते, त्यासाठी ती इथून पाठवतात आणि ती परत येते. बोटाएवढी आहे. तिच्यापुढून वीसेक पोरं धावत गेली, स्क्रमच्या मशीनला धडका मारायला, एकानेही बघितलं नाही. मी मात्र काचेला नाक लावून उभी.

दुपारी वेलिंग्टन. वारा जो लागला तो मग सुटलाच नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर, मिरामार

विमानतळाजवळचं शांत उपनगर, बैठी घरं, आणि एका कोपऱ्यावर तीन अवाढव्य ट्रोल राक्षसांचे पुतळे उभे. वेटा वर्कशॉप. इथल्या टूरमध्ये मला चिलखताने धरून ठेवलं. पडद्यावर लोखंडी कड्यांचं दिसणारं चिलखत बरंचसं प्लास्टिकच्या पाइपचं आहे, प्लंबरकडे असतो तोच, त्याच्या चकत्या कापायच्या, एकीत एक अडकवायच्या, मग धातूचा मुलामा. अशा लाखो कड्या माणसांनी बसून हाताने जोडल्या. एक तुकडा हातात दिला त्यांनी, हलका, बोटांतून घरंगळतो, जवळून बघितलं की प्रत्येक कडीवर जोडाची बारीक चीर दिसते.

मग माउंट व्हिक्टोरिया, जिथे चार हॉबिट रस्त्याकडेच्या झाडाच्या मुळांखाली लपतात तो सीन. पाटी आहे, झाड नाही, लोक तरी खड्ड्यात बसून फोटो काढतात, दादाही बसला. संध्याकाळी एम्बसी थिएटर, १९२४ चं. १ डिसेंबर २००३ ला तिसऱ्या पार्टचा, रिटर्न ऑफ द किंगचा, प्रीमियर इथे झाला, लाखभर लोक रस्त्यावर होते, आणि पुढे अकरा नॉमिनेशनना अकरा ऑस्कर. आम्ही तिकीट काढून जे लागलं होतं ते बघितलं. सिनेमा भिकार होता, थिएटर सुंदर.

शनिवार, १३ सप्टेंबर, केक टिन

वेलिंग्टनचं स्टेडियम गोल आणि बाहेरून पत्र्याचं, म्हणून लोक केक टिन म्हणतात. क्रिकेटसाठीही बांधलेलं, त्यामुळे रग्बीचं मैदान सीटपासून लांब पडतं, ईडन पार्कची सर नाही. पण मी दादासाठी एक गोष्ट आठवडाभर राखून ठेवली होती ती इथे सीटवर बसल्यावर सांगितली. दुसऱ्या पार्टमध्ये, टू टॉवर्समध्ये, हेल्म्स डीपच्या किल्ल्यावर ती दहा हजार उरुक-हाय राक्षसांची सेना येते, भाले आपटते, गर्जना करते, तो आवाज कुठला? इथला. २००२ मध्ये न्यूझीलंड-इंग्लंड वनडेच्या मधल्या ब्रेकमध्ये पीटर जॅक्सन मैदानात आला, मोठ्या स्क्रीनवर त्या राक्षसांच्या भाषेतले शब्द दाखवले आणि पंचवीस हजार लोकांकडून ओरडून घेतलं, पाय आपटून घेतले, छात्या बडवून घेतल्या. दादाचा चेहरा बघण्यासारखा. "म्हणजे शेवटी क्रिकेटवाल्यांनीच केलं," म्हणाला. त्यानंतर दर दहा मिनिटांनी हेच.

हाफटाइमला न्यूझीलंड १०-७ पुढे. लेरॉय कार्टर, पहिलीच टेस्ट, त्याने ट्राय मारलेला, साऊथ आफ्रिकेकडून चेस्लिन कोल्बेने पास मधेच पकडून पळ काढलेला. मी निवांत होते. आणि मग दुसऱ्या हाफमध्ये जे झालं ते मी अजून नीट पचवलेलं नाही. साऊथ आफ्रिका ३६, न्यूझीलंड शून्य. कोल्बेचा दुसरा, मग एकामागून एक, बदली आलेले खेळाडू ताजेतवाने आणि आमचे टॅकल गळायला लागलेले. ४३-१०. ऑल ब्लॅक्सच्या इतिहासातला सगळ्यात मोठ्या फरकाचा पराभव, आणि मी तो पैसे देऊन बघितला. शेवटची पंधरा मिनिटं आवाज फक्त हिरव्या लोकांचा, बाकीचे उठून जातही नव्हते आणि बोलतही नव्हते. एक कौतुक करायलाच हवं, साऊथ आफ्रिकेचा शेवटचा ट्राय झाला तेव्हा माझ्या शेजारच्या काळ्या जर्सीतल्या काकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. तेवढं मोठं मन माझं नाही.

बाहेर पडताना त्या लांब पुलावरून सगळी गर्दी रेल्वे स्टेशनकडे चाललेली, आणि त्यात ते ग्रीन ड्रॅगनमधलं जोडपं भेटलं! तो गृहस्थ काही बोलला नाही, नुसता हसला, बोलला असता तरी चाललं असतं. त्याच्या बायकोने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं पुढच्या वर्षी येताय ना आमच्याकडे. २०२६ च्या ऑगस्टमध्ये ऑल ब्लॅक्स साऊथ आफ्रिकेला जातायत, टेस्ट सिरीज आहे, आणि पहिली टेस्ट एलिस पार्कला. दादाने विचारलं एलिस पार्क म्हणजे इन्विक्टसवालं का? मी हो म्हणलं. तो म्हणाला ऑगस्टमध्ये तशी सुट्टी मिळू शकते, पण यावेळी नियम विमानातच समजावून सांगायचे, आणि ते स्क्रम कोसळलं की पेनल्टी कोणाला द्यायची हे रेफरीला तरी कळतं का ते आत्ताच सांग. स्टेशन येईपर्यंत मी सांगत होते. त्याला पटलेलं नाही.